लॅमिनेशन केलेला कागद

९ जून २०२५, सोमवार

जे कापून टाकलं ते दुखतं कसं?

आईनं सकाळी विचारलं. मी भांडी घासत होते. ती उंबऱ्यात बसलेली, डाव्या हातानं उजवा हात मांडीवर धरून — शेजारणीचं तान्हं सांभाळायला घेतल्यासारखा. म्हणाली, "राजू, तिथं आता काय बी न्हाई ना? मग खाजवतंय काय? आग कशाची हुतीया?"

मला सांगता आलं नाही. मी बी.एस्सी. आहे. शिरूरला मावशीकडे राहून शिकले, घरातली पहिली पदवीधर. झाडाचं देठ कापलं की आत काय काय होतं ते फळ्यावर आकृती काढून सांगते, क्लासची पोरं वहीत उतरवून घेतात. आईला मात्र म्हणाले, "पुढच्या तपासणीला विचारू."

ऑपरेशनला अडीच वर्षं होत आली. जानेवारी २०२३. उजवी बाजू सगळी काढली, काखेतल्या गाठीही काढल्या. मग केमो, मग किरणांचा शेक. केस गेले, परत आले — कुरळे आले! यंदा मार्चमध्ये सगळ्या तपासण्या स्वच्छ निघाल्या. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, आता आजार नाही. आबांनी कामावर, गुऱ्हाळावर, सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला.

आजार नाही. मग आईच्या काखेत हे कोण बसलंय?

१० जून

मोबाईलवर वाचलं. कापलेल्या नसा मेंदूला जुनेच निरोप पाठवत राहतात म्हणे. आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्यास्नी सांग की मग, मालकीन गेली म्हनून!" आणि हसली. हसलं की छातीची कातडी ओढते, म्हणून अर्ध्यातच थांबली.

२२ जून, रविवार

सिंधूबाई येऊन गेल्या. फुलं तोडणाऱ्या बायकांची टोळी त्यांची. यवतच्या आसपास झेंडू असो, शेवंती असो, मळा कुणाचाही असो — तोडायला सिंधूबाईंची टोळी. आई, त्यांची जाई, अकरा वर्षं त्यांच्यात होती. "दुसरीची एक सरी व्हईस्तवर जाईच्या दोन व्हायच्या," हे त्या दर वेळी सांगतात. आजही सांगितलं.

मग भिंतीकडं बघून म्हणाल्या, "पोरगी शिकली आन् आईला पाटलीण करून बसवली. बस बाई जाई. हुकूमच लावलाय भिंतीवर!"

हुकूम म्हणजे माझा कागद. ऑपरेशननंतर दवाखान्यानं दिलेले कागद इंग्रजीत होते आणि घरात ते वाचणारी मी एकटी. मी त्यातलं मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून काढलं. उजव्या हातानं काम करू नये. ओझं उचलू नये. भाकरी थापू नये. धुणं पिळू नये. हात वर ताणू नये. खाली माझी सही, तारीख! आबांनी तो यवतला नेऊन लॅमिनेशन करून आणला आणि चार खिळे ठोकून स्वयंपाकाच्या भिंतीला लावला. पाहुणा आला की आधी कागद, मग चहा. "आमच्या राजश्रीनं इंग्रजीतनं काढलंय."

आई सिंधूबाईंना म्हणाली, "कागदाच्या भाईर कसं जायाचं, सिंधूताई?"

मला बरं वाटलं. या वहीत खोटं कशाला लिहू — अभिमान वाटला.

८ जुलै

महेंद्रदादा आले होते, पलीकडच्या आळीतले. त्यांच्या बायकोचं, गितावहिनींचं, बारा दिवसांपूर्वी आईसारखंच ऑपरेशन झालं. त्यांची डावी बाजू. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या असतील फक्त. दादा म्हणाले, "तिथं बी कागद दिलाय, पर समदा इंग्रजी. तू लिवल्याला दे. आपल्या मान्सानं लिवल्यालं बरं असतंय."

मोबाईलवर फोटो काढून घेतला. मोठा प्रिंट काढून लावणार म्हणाले. मी म्हणाले, "उजव्याच्या जागी डावा करा." एवढंच.

जाताना म्हणाले, "जय भीम, मॅडम." मॅडम! ज्यांच्या खांद्यावर बसून मी जयंतीची मिरवणूक बघायचे ते महेंद्रदादा.

शिक्षण कशासाठी असतं? ह्याच्यासाठी असतं. अजून काय पाहिजे माणसाला.

१० जुलै, गुरुवार

वर्षावास सुरू झाला. विहारात आता तीन महिने रोज दिवेलागणीला ग्रंथवाचन. आजवर हा मान निवृत्त गुरुजींचा होता. यंदा ते म्हणाले, माझे डोळे साथ देत नाहीत, राजश्री वाचेल.

आईची पांढरी साडी नेसले. तिला खांद्यावर पिन लावून द्यायची होती, हात तिथवर पोचेना. "वाक जरा," म्हणाली. वाकले. तरी पोचेना. शेवटी मीच लावली. ती बघत राहिली.

आबा पुढच्याच ओळीत बसले होते. सारखे घसा खाकरत होते, वाचत असल्यासारखे.

१९ जुलै

आई मोहरीची पिशवी शिवतेय, ब्लाउजच्या रिकाम्या बाजूला घालायला. आधीची विरली. विकत मिळतं ते तिला नको, घाम येतो. जाड सुती कापड, आत मोहरी — बरोबर वजन येतं म्हणते. डाव्या हातानं शिवतेय, टाके वाकडेतिकडे. मी म्हणाले, "दे, मी शिवते."

"व्हय. तूच कर समदं."

असं ती कधी बोलत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

आज मी लवकर घरी आले तर आई भाकरी थापत होती! उजवा हात मनगटापर्यंत पिठात. मी ओरडलेच. "कागदात काय लिहिलंय? सुजला म्हणजे?"

तिनं परात बाजूला सारली, हात धुतला. म्हणाली, "हालीवला की जरा मोकळं वाटत हुतं गं."

मी म्हणाले, "मोकळं वाटतं आणि मग महिनाभर निस्तरायला लागतं. मला शिकवू नकोस."

राहिलेल्या भाकरी मी थापल्या. नकाशे झाले. आबांनी सगळे खाल्ले.

२६ ऑगस्ट, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

सहा महिन्यांची तपासणी. केडगावहून सकाळची गाडी धरून पुण्याला गेलो. तपासणी स्वच्छ. डॉक्टरांना मी आईचा प्रश्न विचारला. त्यांनी आईला हात वर करायला सांगितला. हात खांद्याच्या रेषेपर्यंतही आला नाही. आईनं ओठ दाबून धरले. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली — खालच्या मजल्यावर, व्यायामाच्या विभागात जा.

तिथं करुणा मॅडम होत्या. शांत बाई. आईला आरशासमोर उभं केलं, पाठीमागून दोन्ही खांद्यांवर बोटं ठेवली, काखेत चाचपलं. आत दोरीसारखं काहीतरी ताणलेलं होतं, ते मलाही हात लावून दाखवलं. मग विचारलं, "काम काय करता, मावशी?"

"काय न्हाई."

"आधी?"

"फुलं तोडत हुते."

"बंद कधी केलंत?"

"आपरेशनपासनं."

"आणि घरात? भाकरी, झाडणं, धुणं?"

"न्हाई. हात जपायचा ना."

मॅडमनी फाइलवरची मान वर केली. "अडीच वर्षं या हातानं काहीच केलं नाही? असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी तिथंच होते. दोन हातांच्या अंतरावर बसले होते खुर्चीत, आईची पिशवी मांडीवर घेऊन.  पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले.

आई म्हणाली, "कुनी न्हाई, मॅडम. माझं मलाच भ्या वाटायचं."

मॅडम समजावत राहिल्या. ऑपरेशनमध्ये काखेतल्या बारीक नसा तुटतात, त्यांचं दुखणं वेगळं. जे नाही तिथं खाज येते ती त्यामुळं. किरणांच्या शेकानं कातडी आवळते. आणि खांदा न हलवल्यानं आखडतो. "दुखतं म्हणून हलवत नाही, हलवत नाही म्हणून आणखी दुखतं. मावशी, दुखणं अगदी शून्य होईल असं मी खोटं सांगणार नाही. पण यातलं बरंचसं आखडल्याचं आहे. ते टाळता आलं असतं. आता वेळ लागेल, पण कमी होईल."

टाळता आलं असतं.

भिंतीवर बोटं चालवणं, काठी धरून हात उचलणं, खांदे मागे फिरवणं, श्वास, रोज वीस मिनिटं चालणं — एकेक करून दाखवलं. दुखण्याला दहापैकी मार्क द्यायचे. चारपर्यंत चालेल, पुढं गेलं की थांबायचं. सूज आली, लाल झालं तर लगेच दाखवायचं. मी सगळं लिहून घेतलं. अक्षर चांगलं आलं. माझं अक्षर नेहमी चांगलंच येतं.

परतीच्या गाडीत फाइल उघडली. २०२३ चा कागद तिथंच होता. सहा आठवडे ओझं उचलू नये. त्यानंतर हळूहळू रोजची सगळी कामं सुरू करावीत. आणि त्याच्या मागचा कागद — बाईची चित्रं. भिंतीला बोटं लावून उभी असलेली बाई. अडीच वर्षं ती तशीच उभी होती, आमच्या ट्रंकेत.

आई खिडकीला डोकं टेकून झोपली होती.

गितावहिनींच्या घरात माझा कागद लावलाय. त्यांना आज दोन महिने झाले.

२७ ऑगस्ट

२०२३ ची वही काढली. वाटलं, वाचायला चुकले असेन. एकोणीस वर्षांची होते, घाबरले होते. तसं निघालं असतं तर बरं झालं असतं.

११ फेब्रुवारी २०२३. माझंच अक्षर — "सहा आठवडे असं लिहिलं तर आई त्रेचाळिसाव्या दिवशी फुलांत असेल. म्हणून आकडा लिहिलाच नाही. कायमचंच लिहिलं. जपलेलं कधी वाया जात नाही."

किती ठाम लिहिलंय! खाली रेघ पण मारलीय.

२९ ऑगस्ट

व्यायाम सुरू केला. भिंत एकच मोकळी आहे — कागदाखालची. आई भिंतीकडं तोंड करून उभी राहते आणि बोटं मुंगीच्या पावलांनी वर चढवते. पोचतील तिथं मी पेन्सिलीनं रेघ मारून तारीख घालते. पहिली रेघ तिच्या हनुवटीच्या खाली आली. वरती माझा कागद चमकतोय.

काठी नव्हती. आबांनी गुऱ्हाळावरून सरळ कांड्यांचा ऊस निवडून आणला. आई आडवी पडून तो दोन्ही हातांत धरते आणि उचलते.

सिंधूबाई दारातून, "काय गं जाई, भिंतीवर मुंग्या चढवतीस व्हय?"

आई म्हणाली, "हातात लई झाल्यात. भिंतीवर सोडतीया."

गितावहिनींना उद्या सांगायचं.

३० ऑगस्ट

नाही सांगितलं.

१ सप्टेंबर

विहारात आज महेंद्रदादांनी पंखा उचलून माझ्या बाजूला वळवला. "मॅडमला घाम येतोय." गितावहिनी बायकांच्या ओळीत अगदी समोर बसतात. डावा हात ओच्यात घेऊन, वर पदर टाकून. माझ्या कागदाप्रमाणं.

मी करुणेबद्दल वाचत होते. दोनदा अडखळले. गुरुजी म्हणाले, "पाणी घे, पोरी."

४ सप्टेंबर

नाही.

५ सप्टेंबर

आज शिक्षक दिन. क्लासच्या पोरांनी फुलं दिली. नाही सांगितलं.

११ सप्टेंबर

वाईट दिवस. आईनं सकाळीच सांगितलं, "आज नगं. दहातलं आठ हाय." पाठीच्या हाडापासून काखेपर्यंत आग. कढत पाण्याचं भांडं अंगावर सांडल्यासारखं म्हणाली. गोळी घेतली, पडून राहिली. मॅडमना फोन लावला. सूज आहे का, ताप आहे का विचारलं. नाही. मग म्हणाल्या, "आज फक्त श्वास आणि खांदे. असे दिवस येणार. बंद मात्र करू नका."

दुपारी आई उठली. मी तिच्या शेजारी भिंतीला तोंड करून उभी राहिले, तिच्याबरोबर बोटं चढवावीत म्हणून. तिची तिसऱ्या रेघेवर थांबली. माझी न दुखता, न थांबता कागदावरून वर गेली, थेट पत्र्याला लागली.

हात पटकन खाली घेतला. आईनं बघितलं. 

१८ सप्टेंबर

वंदनेला सगळे उभे राहिले, हात जोडून कपाळाला लावले. मी समोर असते, मला सगळ्यांचे हात दिसतात. गितावहिनींचा उजवा हात कपाळापाशी आणि डावा छातीपर्यंतच. त्यांनी मान खाली केली, हाताजवळ आणली.

आईही तसंच करते. अडीच वर्षं. मला वाटायचं, किती श्रद्धेनं वाकते!

२१ सप्टेंबर, रविवार

भीती कशाची आहे ते तरी लिहावं. वहिनी रागावतील ह्याची नाही. महेंद्रदादा मॅडम म्हणणार नाहीत, ह्याची. आबा विहारात पुढच्या ओळीत बसणार नाहीत, ह्याची. माझ्यानंतर आळीतली दुसरी कुणी पोरगी शिकायला निघाली तर तिच्या घरचे म्हणतील, शिकून काय केलं राजश्रीनं? आईचा हात घालवला.

हे शेवटचं खरं आहे का, की स्वतःला मोठं करून दाखवायचा अजून एक मार्ग? कळत नाही.

गेल्या चार दिवसांत आईची रेघ दोन बोटं वर गेली. आबा दर आठवड्याला जुनी काठी खाऊन टाकतात आणि नवी आणतात.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आईला सांगितलं.

दुपारची वेळ. ती भिंतीपाशी, मी पेन्सिल घेऊन. तिची बोटं कागदाच्या खालच्या कडेच्या जवळ आली होती. मी म्हणाले, "आई, हा कागद चुकीचा आहे. सहा आठवडेच सांगितलं होतं. मी मुद्दाम नाही लिहिलं."

तिनं बोटं काढली नाहीत. म्हणाली, "म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"दवाखान्यातनं निघताना नर्सबाईनं सांगितलं हुतं. मावशी, दीड महिना दम धरा, मग लागा कामाला. हात ठिवून बसू नका, म्हनली."

मी चुलीपाशी खाली बसले. "मग बोलली का नाहीस?"

"बोलनार हुते. त्याच दिशी तू कागद लिवून आनलास." ती हळूहळू बोटं खाली घेत बोलत होती. "तुझा आबा चौथी शिकलेला. बोट लावून लावून वाचत हुता. पाच ओळीस्नी अर्धा घंटा. मग ल्यामिनेशनला न्हेला. येताना समद्या आळीला दावत दावत आला. आपल्या घरात लिवलेला पयला कागद, राजू. त्यावर मी काय म्हनू? नर्स खरी आन् माझी पोरगी खोटी?"

"हात गेला ना तुझा, आई."

"हितंच हाय की. कुटं गेलाय?" मग पदर सावरत, "आन् समदं तुझ्यावर नगं घिऊ. पुढं पुढं मलाच भ्या बसलं खरं. हात हालला की वाटायचं, पुन्ना तेच आलं."

मी रडले. आई नाही रडली. जवळ येऊन बसली, डाव्या हातानं माझं डोकं थोपटलं. मग थांबली. मग उजव्या हातानं थोपटलं, चार-पाच वेळा, जड जड. म्हणाली, "ह्यो बी व्यायामच."

उठताना म्हणाली, "आबाला सांगू नगं. ल्हान्या काळजाचा हाय तो. गिताला गुपचूप सांग, हात हालीव म्हनावं. कागदाचं नाव काढू नगं."

मला सुटल्यासारखं वाटलं. ह्याचीच मग लाज वाटली.

२८ सप्टेंबर

दसऱ्याच्या झेंडूची गडबड. सिंधूबाई सकाळी दारात. "न्हेते गं तुझ्या पाटलिणीला. दोनच घंटे. टोपली उचलू देनार न्हाई, बास?" मी हातमोजा दिला, काटाकुटा लागू नये म्हणून. आईनं मोहरीची पिशवी नीट बसवली, पदर खोचला. जाताना मागं वळून बघितलं नाही.

दोन तासांनी आली. अर्धी सरी झाली म्हणाली. एके काळी दोन व्हायच्या. दहापैकी पाच दुखत होतं. हाताला झेंडूचा वास — तो हात तिनं बराच वेळ नाकाशी धरला होता.

३० सप्टेंबर

गितावहिनींकडे गेले. कागद दारासमोरच, आमच्यापेक्षा मोठा. महेंद्रदादांनी रंगीत प्रिंट काढलाय, माझी सही पण तशीच आलीय.

आईनं सांगितलं तसं म्हणाले, "वहिनी, आता थोडा थोडा हात हलवत जा. व्यायाम दाखवते, चांगला असतो."

वहिनी दचकल्या. डावा हात आणखी आत घेतला. "नगं बाई! कागदात तर न्हाई म्हनलंय. हात वर तानू नये. तूच लिवलंयस की."

"हो, पण आता —"

"सासूबाई म्हनत हुत्या, लई झालं, जरा धुनं पिळ. मी कागद दावला त्यास्नी. तवापासनं गप हायेत." मग हसून म्हणाल्या, "तुझ्या कागदानं मला लई वाचीवलं बघ, राजश्री."

मी दोनदा, तीनदा म्हणाले. त्या शेवटी म्हणाल्या, "बोलल्यालं कुनी बी बोलतंय गं. लिवल्यालं लिवल्यालं असतं. तुजं ऐकू का तुज्या कागदाचं ऐकू?"

चहा केला त्यांनी. एका हातानं. मी प्याले आणि परत आले.

२ ऑक्टोबर

वहिनी बरोबर बोलल्या. तोंडानं सांगून तो कागद उतरणार नाही. लिहिलेलं लिहिलेल्यानंच पुसावं लागेल — आणि जिथं मला मानतात तिथंच, सगळ्यांपुढं.

आईला म्हणाले. तिनं हातातला ऊस भिंतीला टेकवून ठेवला. मग म्हणाली, "आबाला आदी सांग."

५ ऑक्टोबर

आबांना सांगितलं. ते कागदाकडं बघत राहिले. "आकडा का न्हाई लिवलास?" एवढंच विचारलं. मी म्हणाले, "आई लगेच कामाला जाईल म्हणून." ते म्हणाले, "गेलीच असती." आणि गुऱ्हाळावर निघून गेले. आज त्यांना सुट्टी होती.

८ ऑक्टोबर

काल वर्षावास संपला. ग्रंथ मिटला आणि आईची फाइल उघडली. दवाखान्याची ओळ आधी इंग्रजीत वाचली, मग मराठीत, मग माझ्या कागदातली ओळ, मग माझ्या २०२३ च्या वहीतली. गितावहिनींचं नाव घेऊन सांगितलं, आजपासून माझा कागद खोटा. सव्वीस ऑगस्टपासून मला हे माहीत होतं, तेही सांगितलं.  महेंद्रदादा उठून बाहेर गेले. पंखा माझ्याकडंच वळलेला होता.

सकाळी आबांनी पकडीनं चारही खिळे उपटले. 

आत्ता गितावहिनी येऊन गेल्या. माझ्याकडं बघितलं नाही. भिंतीपाशी आईच्या शेजारी उभ्या राहिल्या, डाव्या हाताची बोटं चढवली. आईच्या पहिल्या रेघेच्याही चार बोटं खाली थांबली. आईनं पेन्सिल घेतली, उजव्या हातानं तिथं रेघ मारली आणि पेन्सिल मला दिली.

आजची तारीख मी घातली. सव्वीस ऑगस्टची घालता आली असती.